संदीपच्या गाडीचा सीडीआय

सीट काढली आणि माझं डोकंच फिरलं. सीडीआयची जागा रिकामी. वायरचं सॉकेट नुसतं लोंबकळत होतं आणि त्यावर कुणीतरी व्यवस्थित टेप गुंडाळली होती. म्हणजे हे उंदराचं काम नव्हतं. टेप अशी गुंडाळायची पद्धत मीच पोपटला शिकवली होती.

"पोपट! हिकडं ये आधी."

मी फौजेत गाड्या दुरुस्त करणाऱ्या युनिटमध्ये होतो. हवालदार म्हणून रिटायर झालो आणि पलूसला गॅरेज टाकलं. पोपट माझा पार्टनर. आमच्याकडे घरटी एखादा पोरगा फौजेत असतो. सुट्टी संपली की बरेच जण गाडी माझ्याकडे ठेवून जातात. घरी ठेवली तर चुलत्याची पोरं तिच्यावरून वैरण वाहतात. माझ्याकडे ती कव्हरखाली असते आणि दर रविवारी मी इंजिन चालू करतो. त्या रविवारी संदीपची गाडी चालूच होईना.

ही गाडी साधी नाही. डांबरीवर आणि खडकाळ माळावर, दोन्हीकडे चालेल अशी बनवलेली. उंच, पुढचं चाक मोठं, शॉकअप लांब. आपल्याकडे ती खपली नाही, म्हणून कंपनीनं मॉडेल केव्हाच बंद केलं. पण संदीपला हीच लागते. त्याचं घर विट्याच्या पलीकडे, दुष्काळी पट्ट्यात. वडील मेंढरं घेऊन माळामाळानं फिरतात. ती असतात तिथं रस्ता नसतो. आईचे गुडघे गेलेत. संदीप सुट्टीवर आला की पहिल्याच दिवशी आईला मागे बसवतो आणि वडिलांचा तळ शोधत जातो. मेंढरं बाहेर असतात त्या महिन्यांत नवरा-बायकोची गाठ पडते ती अशी. आणि संदीप पुढच्याच आठवड्यात येणार होता.

पोपट आला. उघड्या सीटकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"आबा आलते, दादा. तुमी मिरजंला गेलता तवा. नातवाचीबी हीच गाडी, तिचा सीडीआय गेलाय म्हणाले, चार दिस दे."

"आणि तू दिलास?"

"आबांनी माझं लगीन जमवलं. त्यास्नी न्हाई कसं म्हणू?"

आबा म्हणजे कुंडलचे बडे बागायतदार. कारखान्याचे माजी संचालक. आमच्या भागात चोरी फार होत नाही. भिडेपोटी मात्र निम्मा तालुका लुटला जातो. मी पोपटला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सीडीआय ही साबणाच्या वडीएवढी डबी. इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडायची ते ती ठरवते. ठिणगी वेळेत पडली तर गाडी चढ चढते. नाहीतर नुसता आवाज करते. डबीच नसेल तर आवाजही नाही.

तडक कुंडल गाठलं. आबा पडवीत सुपारी कातरत बसले होते.

"आवं आबा, संदीपच्या गाडीचा सीडीआय द्या. न्यायला आलोय."

"बस की. च्या घेतोस?"

"च्या नगं."

त्यांनी आत हाक मारली. नातू डबी घेऊन आला. मी हातात घेतली आणि वास आला. जळालेल्या प्लास्टिकचा. नातवानं गाडीला चार जादा लाइटी आणि ट्रकचा हॉर्न जोडला होता. त्या लोडनं रेग्युलेटर गेला आणि वाढलेलं व्होल्टेज सरळ सीडीआयमध्ये. स्वतःचा त्यानं असाच जाळला होता. मग संदीपचाही जाळला.

"ही जळालीया, आबा."

"व्हय? मग दुसरी टाक की. गाडी नुसती हुबी तर हुती. पोरगं तिकडं बॉर्डरवर. हिकडं कोण बसतंय तिच्यावर?"

मी डबी तशीच खिशात कोंबली. वस्तू दुसऱ्याची, जाळली यांच्या नातवानं आणि वर हिशोब मलाच शिकवायचा! फौजेतसुद्धा उभ्या गाडीचा पार्ट काढून दुसरीला लावतात. पण त्याला वरच्या अधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो. कर्नलसाहेबांच्या जीपसाठीसुद्धा हुकमाशिवाय कुणी दुसरी गाडी उघडत नाही. इथं मात्र आबांनी मिशीवरून हात फिरवला की झालं. मी चहा न घेता उठलो. कुंडलमध्ये आबांच्या पडवीतून चहा न घेता उठणं म्हणजे काय, ते तिथल्या माणसाला विचारा.

दुसऱ्या दिवशी सांगली. डीलरच्या काउंटरवरच्या पोरानं कॉम्प्युटर बघितला.

"सिस्टिममध्ये पार्टच दिसत नाही, काका. मॉडेल बंद आहे. एक्सचेंजमध्ये नवीन गाडी बघता का?"

"सीडीआय मागतोय मी. गाडी न्हाई."

"नवीन घेतली तर हा प्रॉब्लेमच राहणार नाही ना."

मग कोल्हापूरचा जुना बाजार पालथा घातला. दुसऱ्या मॉडेलचा एक सीडीआय सापडला. सॉकेट बसलं, गाडी चालूही झाली. पोपटचा चेहरा उजळला. मी गाडी घाटाकडे काढली. चढाला लागल्यावर ती ठसके द्यायला लागली, कारण ठिणगीची वेळ वेगळी.

"राहू दे की, दादा," पोपट म्हणाला. "सपाटीला तर पळतीया. त्याला काय कळतंय?"

"त्याची म्हातारी मागं बसती, पोपट. धोंड्याच्या चढाला गाडी बंद पडून मागं आली तर?"

मी तो सीडीआय काढून फेकला.

शेवटचा उपाय विट्याचा. भारतातलं कुठलंही शहर घ्या, तिथल्या सराफ कट्ट्यात विट्याकडचा माणूस सोनं गाळत बसलेला सापडतो. आमच्याकडे याला गलाईचा धंदा म्हणतात. माझ्या एका गिऱ्हाइकानं आपल्या गलाईवाल्या भावकीत निरोप फिरवला. संध्याकाळी कोइमतूरहून फोन आला.

"मिळाली, दादा! आमच्या गल्लीतच तसली गाडी हुबी हाय. मालक परगावी गेलाय. गपचिप काढून कुरिअर करू का? कुणाला पत्ता लागणार न्हाई."

पोपट माझ्या तोंडाकडे बघत होता. संदीप दोन दिवसांवर आलेला.

"हात लावू नगं," मी ओरडलो. "मालक आला की त्याला इचार. दिला तर दे. न्हाई दिला तर गप बस."

"आवं, पण नुसती हुबीच..."

"हुबी हाय म्हंजे मोकळी न्हाई रं, गड्या!"

फोन ठेवला तेव्हा पोपट आत निघून गेला होता.

संदीप आला तो पाठीवरच्या पिशवीसह थेट गॅरेजवर. त्यानं कव्हरला हात घालायच्या आधी मी सगळं सांगितलं. तो भडकेल, निदान पोपटची गचांडी धरेल असं वाटलं होतं. मला ते बरं वाटलं असतं. त्यानं कव्हर काढून सीटवर हात ठेवला.

"उस्ताद," तो म्हणाला, "एक फोन केला असता तर मीच म्हणालो असतो, द्या काढून. सुट्टीच्या आत परत लावा म्हणालो असतो. लाइटी काढायला लावल्या असत्या. कुणी इचारलंच न्हाई मला."

आबांनी विचारलं नाही, पोपटनं विचारलं नाही. दोघांच्याही खिशात मोबाइल होता.

त्या सुट्टीत संदीप एसटीनं फाट्यापर्यंत गेला आणि पुढे माळ तुडवत एकटाच वडिलांकडे. आईनं भाकरी बांधून दिल्या आणि ती घरी राहिली. हे आठवलं की आजही मला आबांच्या पडवीतली ती सुपारी दिसते आणि तळपायाची आग मस्तकात जाते.

संदीपची सुट्टी संपली, तो गेला. नंतर कोइमतूरचा मालक परत आला. त्याला विचारलं. त्याची गाडी ॲक्सिडेंटमध्ये वाकलेली, दुरुस्त होणार नव्हती. त्यानं सीडीआय आनंदानं दिला. यात्रेला येणाऱ्या गलाईवाल्यानं तो कापडात गुंडाळून आणला. मी लावला, घाट चढून बघितला, मग संदीपला फोन केला.

"तुझ्या आईला घिऊन जाऊ का माळावर?"

"उस्ताद, हे काय इचारायचं झालं?"

"व्हय. इचारायचंच झालं."

नेलं. म्हातारीनं उतरल्या उतरल्या नवऱ्याला झापलं, किती वाळलाय म्हणून. मी लांब जाऊन उभा राहिलो.

ही बातमी कुंडलला पोचायला वेळ लागला नाही. आबा गॅरेजवर हजर.

"आला म्हणं सीडीआय. नातवाला राइडला जायचंय. चार दिसच."

पोपट पुढे झाला. त्यानं आपला मोबाइल काढला, संदीपचा नंबर लावला आणि स्पीकर चालू करून आबांपुढे धरला.

"इचारा, आबा. त्याची गाडी हाय."

आबांनी फोनकडे बघितलं. "राहू दे. बॉर्डरवर रेंज नसंल," असं म्हणत ते जीपकडे वळले.

रिंग वाजत होती.