माझी मिशी आणि मोहनाचा धडा

मंडळी, आज मी मिशी उतरवली. का, ते ऐका.

मालवणात मी होडीच्या इंजिनांची दुरुस्ती शिकवतो. मोहनाला माझ्या वर्गात यायचंय, घरच्या होडीचं इंजिन स्वतः खोलायचंय. तिला ऐकू येत नाही. ओठांच्या हालचालीवरून ती बोलणं ओळखते. म्हणून आज कणकवलीला दिव्यांग मुलांना कसं शिकवावं, याच्या प्रशिक्षणाला गेलो. सरावासाठी मोहनाला आणि तिच्या आईलाही नेलं.

तिथे मी सोबत नेलेलं इंजिन उघडलं, आत डोकं घातलं आणि धडाधड समजावत सुटलो. आम्ही मेस्त्री असेच शिकवतो. वर बघतो तर पोरगी आईला खुणावतेय, घरी चल!

प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "आधी तिच्याकडे बघून बोला, मग हात इंजिनात घाला."

तसं केलं. तरी मोहनाला काही कळेना. तिने आईला हातवारे केले, तशी आई खो खो हसली. "मेस्त्री, ती म्हणता, तुमचे ओठ मिशीखाली बुडालेत. काय्येक दिसणा नाय!"

सगळा वर्ग हसला. तरुणपणापासून जपलेली मिशी हो! पण जेवणाच्या सुट्टीत गपचूप सलून गाठलं.

दुपारी मोहनासमोर उभा राहून म्हटलं, "प्लग काढ." तिने पाना उचलला, प्लग काढून माझ्या हातावर ठेवला आणि अशी हसली की बस्स! येत्या सोमवारपासून ती वर्गाला येतेय.

घरी बायकोने दारातच परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "कोण व्हया तुमका?"

शिकवणाऱ्यांनो, आपलं काय आड येतं, हे तुम्ही पोरांना कधी विचारलंत का?