भास्कररावांचे खालचे सूर

शाळेच्या ऑफिसात माझ्यासाठी सहसा फोन येत नाही. त्या दिवशी शिपाई वर्गात बोलवायला आला तेव्हा मी पाचवीला अपूर्णांक शिकवत होते. फोनवर भास्कर चौधरींची थोरली मुलगी होती, एकेकाळची माझी विद्यार्थिनी. "बाई, पप्पा गेले," एवढंच ती म्हणाली. त्यांना कावीळ झाल्याचं मला कळलं होतं. ती इतकी पुढे गेली असेल असं वाटलं नव्हतं. मी वर्गात परतले, अपूर्णांक पुरे केले… आणि मधल्या सुट्टीत एकटी बसले तेव्हा आठवलं, की हा माणूस पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला चक्क चक्रम वाटला होता.

सिल्वासाजवळच्या सामरवरणीत तेव्हा तीन-तीन मजली इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या. आमच्या इमारतीत बहुतेक बिऱ्हाडं धुळे-जळगावकडची, सुताच्या कारखान्यांत कामाला असणाऱ्यांची. मी एकटी रत्नागिरीची, शाळेच्या नोकरीसाठी सिल्वासाला आलेली. पाळ्यांवर चालणाऱ्या इमारतीत भर दुपारीसुद्धा कुणी ना कुणी गाढ झोपलेलं असतं. त्यासाठी तिथे एक रीत पडली होती. रात्रपाळीचा माणूस झोपला, की घरातली बाई दाराच्या कडीला कारखान्यातल्या टाकाऊ सुताचा लाल झुपका बांधायची. झुपका दिसला की बेल वाजवायची नाही, जिन्यात बोलायचं नाही, पोरांनी पायऱ्या हळू उतरायच्या. ही रीत मला कुणी सांगितली नाही. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात मी एका झुपक्याच्या दाराची बेल दाबली आणि अख्ख्या मजल्याचे डोळे सोसले, तेव्हा ती कळली.

भास्करराव माझ्या समोरच्या दारात राहायचे. अमळनेरजवळच्या त्यांच्या गावी ते लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. इथे धाग्याला पीळ देणाऱ्या मशीनवर लागले, आणि काही वर्षांनी क्लॅरिनेट देऊन टाकून वापीच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनी बेस गिटार घेऊन आले. जाड जाड चार तारांचं ते धूड मांडीवर घेऊन ते दुपारी बसायचे. गिटारची वायर टेपरेकॉर्डरच्या माइकच्या भोकात घालायची, रेकॉर्ड आणि पॉज ही दोन्ही बटणं एकदम दाबायची, की कॅसेट फिरत नसे पण गिटारचा आवाज हेडफोनमध्ये येई. उघड्या दारातून मला दिसायचं ते एवढंच, की एक मिशाळ गृहस्थ डोळे मिटून मान हलवतोय आणि खोलीत तारांच्या बारीक टकटकीशिवाय काही म्हणजे काही वाजत नाही.

मला भोचकपणाची खोड आहे, ती लपवून उपयोग नाही. या माणसाला आत काय ऐकू येतं, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. त्यांची बायको लतावहिनी, तिला विचारलं तर ती हसून म्हणायची, मला कुठे ठाऊक. त्यांना विचारलं तर ते ऐकलं न ऐकलं करून भलतंच उत्तर द्यायचे. शिष्ट आहेत, अशी मी मनाशी नोंद केली. तरी इमारतीच्या बैठकीत मीच त्यांचा दाखला दिला, की दुसऱ्याची झोप सांभाळून आपला छंद कसा करावा हे चौधरींकडून शिका. लोकांनी माना डोलावल्या, भास्कररावांनीही डोलावली.

मग मोरेंच्या काळजाचं प्रकरण झालं. मोरे म्हणजे चौधरींच्या भिंतीपलीकडचे, कायम रात्रपाळीचे. दिवसा उशीवर डोकं टेकलं की त्यांना छातीत धडधड ऐकू येऊ लागली, आणि तीही कधी जलद, कधी संथ, कधी मध्येच बंद. घाबरून ते डॉक्टरकडे गेले, कार्डिओग्रामची पट्टी काढून आले, पट्टी ठणठणीत. घरात रडारड व्हायची वेळ आली, तेव्हा मी त्यांच्या खाटेपाशी जाऊन भिंतीला कान लावला. धडधड भिंतीत होती. हेडफोनची वायर तुटली म्हणून भास्करराव गिटारचं टोक भिंतीला टेकवून, वर हनुवटी लाकडावर दाबून वाजवत होते.

मोरेंनी मोठ्या मनानं हसण्यावारी नेलं. मी मात्र दुसऱ्या दिवशी जाब विचारायला समोरच्या घरात गेले. वहिनी रेशन आणायला गेली होती. भास्कररावांनी ओशाळून माफी मागितली, वायरला झाळ लावून घेतल्याचं सांगितलं, आणि इतकी वर्षं मागे लागलेय म्हणून असेल, हेडफोन काढून माझ्यापुढे धरला. मी तो कानांवर चढवला. त्यांनी एकच तार छेडली आणि मी किंचाळून हेडफोन फेकून दिला. डोकं फुटतंय की काय असा आवाज होता तो. टेपरेकॉर्डरकडे पाहिलं, तर आवाजाचं बटण शेवटच्या टोकाला होतं.

भास्करराव माझ्या ओठांकडे बघत होते. ते नेहमीच ओठांकडे बघायचे, हे मला तेव्हा उमगलं. "बाई, वरचे सूर गेले माझे," ते म्हणाले. "खात्यात गेले, मशीनच्या आवाजात. क्लॅरिनेट फुंकायचो, काही येईना. खालचे अजून येतात मले." मग दाराकडे नजर टाकून म्हणाले, "लताले सांगू नका. ती मले इथं राहू देणार नाही. गावी जाऊन कोणासंगे वाजवू?"

मी मास्तरीण. मी अट घातली, की मशीनवरून पॅकिंगमध्ये बदली मागून घ्या, नाहीतर आजच सांगते. महिन्याभरात त्यांनी बदली घेतली आणि घरी फोरमनचं नाव पुढे केलं. मी गप्प राहिले. पुढे कित्येक वर्षं वहिनीसोबत पापड लाटले, तिच्या मुलींचा अभ्यास घेतला, आणि प्रत्येक वेळी हे गुपित पोटात घेऊन घरी आले. ते बरोबर केलं का, मला माहीत नाही. त्रास मात्र झाला.

गणपतीत ऑर्केस्ट्रा असायचा. भास्करराव गिटार घेऊन कोपऱ्यात, मोठ्या स्पीकरला खेटून, फळ्यांच्या स्टेजवर अनवाणी उभे राहायचे. बाप्पापुढे चपला काढतो, किती भाविक माणूस, असं लोक कौतुकानं म्हणायचे. ते तळपायांनी ठेका धरतायत हे मला कळायचं, आणि ठेका कधी चुकला नाही. पाठीमागून कुणी हाक मारली तर वळायचे नाहीत, पण ढोलकीवाल्याच्या पहिल्या थापेला त्यांचा चेहरा उजळायचा. तेवढ्यासाठी मी दरवर्षी पुढच्या रांगेत बसायचे.

मुलींची शाळा संपल्यावर ते गावी परतले. गिटारही सोबत गेली.

फोननंतर पंधरा दिवसांनी मी सुरतेहून गाडी पकडून अमळनेरला उतरले. सगळ्या वाटेत मनाशी एकच घोकत होते, की आता वहिनीला खरं सांगायचं, आपण लपवलं म्हणून माफी मागायची. घरी पोचले तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. ऊठबस नको म्हणत मी जवळच पाट ओढला. ती भाकरी थापत होती आणि इतक्या जोरात थापत होती, की परात दणदणत होती, भाकरीच्या कडा फाटत होत्या. एवढ्या जोरानं कशाला, मी सहज म्हणाले.

"हळू थापली तर त्यांना ऐकू जायची नाही," ती म्हणाली. "आता हाताला तसंच वळण पडलं."

तुम्हाला माहीत होतं, मी विचारलं.

"नवऱ्याचा कान बायकोले कळत नाही का, बाई? माझं बोलणं त्यांना जाईना. पण ही थाप जायची. थाप थांबली, की जेवण तयार झालं समजून आपसूक दारात यायचे. ते लपवत होते, मी लपवू दिलं. नाहीतर ती गिटार ठेवून दिली असती त्यांनी."

ती पुढची भाकरी थापत राहिली. माझी माफी तोंडातच राहिली. शेवटचा गोळा संपला, तिनं भाकरी तव्यावर टाकली, आणि थाप थांबली… आम्ही दोघी दाराकडे बघत राहिलो.