कोरडा आवाज

लासुर्ण्याच्या आमच्या घरात पूर्वी कांदा ठेवायची एक खोली होती. भिंतींना गोधड्या ठोकून मी तिचा स्टुडिओ केला. शाळेतली नोकरी सांभाळून तिथं मी आसपासच्या गायन पार्ट्यांची गाणी रेकॉर्ड करतो. उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून रस्त्यानं आला की काम थांबवायचं, तो लांब गेला की पुन्हा सुरू. स्टुडिओ म्हणताना मला अजूनही थोडी लाजच वाटते.

तात्या, म्हणजे माझे वडील, उभी हयात गायन पार्टीत गायले. चौदा एप्रिलच्या जयंतीला, लग्नात, कुणी वारलं की त्याच्या पुण्यानुमोदनाला. आमच्याकडे गायकाला इको लागतोच. बिनइकोचं गाणं म्हणजे उघड्या अंगानं स्टेजवर जाणं, असं तात्या म्हणायचे. आवाज आधी कोरडा, म्हणजे बिनइकोचा, घ्यावा आणि घुमारा मागाहून चढवावा, हे मला ठाऊक होतं. पण कानात इको नसला की तात्या हेडफोन काढून ठेवायचे. त्यांच्याशी वाद कोण घालणार! मी सरळ इको देणारी जुनी रिव्हर्बची पेटी माइक आणि रेकॉर्डरच्या मधेच जोडून टाकली. त्यामुळं त्यांचं प्रत्येक गाणं घुमाऱ्यासकटच साठलं.

तात्यांना जाऊन आता वर्ष होत आलंय. पहिल्या पुण्यानुमोदनाला त्यांचं गाणं नीट ऐकू यावं म्हणून मी बारामतीच्या एका साऊंडवाल्याकडून दुसरी पेटी आणली. वापरलेलीच, पण जुनीपेक्षा कितीतरी सरस. रविवारी दुपारी दोन्ही शेजारी मांडल्या आणि माइकसमोर टाळी वाजवून पाहिली. जुनीतून ती पत्र्याच्या टाकीत वाजल्यासारखी यायची. नवीत मोठ्या विहारात वाजल्यासारखी वाजायची आणि हळूहळू विरायची. मी खूश झालो. मग तात्यांचं गाणं आधी आहे तसं लावलं आणि मोठ्या हौसेनं नवीतून सोडलं, तर घुमाऱ्यावर घुमारा बसला आणि शब्दसुद्धा कळेनात.

आई दारात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी विचारलं, "आई, जुनं बरं वाटतंय का नवं?"

"दोन्हीतबी ह्ये लांब कुठंतरी उभं हायती," ती म्हणाली. "घरात ह्ये असं कुठं बोलायचं? तेवढं घुमणं काढ आन् नुसता आवाज लाव. मला त्यो ऐकायचाय."

"पेटी घुमारा घालते गं, काढत न्हाय."

"एवढी चांगली मशीन आन् तेवढं जमंना व्हय?"

मी तिच्यावर खेकसलो. खरं तर चीड स्वतःचीच आली होती. घुमारा काढायचा खटाटोप मी संगणकावरही करून चुकलो होतो, पण घुमाऱ्याबरोबर आवाजच सोलून निघत होता. आणि एक गोष्ट मी तिच्यापासून लपवली होती.

एकदा ऐन रेकॉर्डिंगला जुनी पेटी बंद पडली होती. तात्यांनी कुरकुर केली, पण एक अख्खं गाणं तसंच म्हटलं. मी ते ऐकलं, "कोरडं लागतंय" म्हणालो आणि पुसून टाकलं. पेटी दुरुस्त करून आणली आणि तेच गाणं पुन्हा घेतलं. ते पुसलेलं गाणं आज मिळावं म्हणून मी काहीही दिलं असतं. त्या दुपारी हे सगळं आईला सांगितलं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं शेंगांचं सूप बाजूला सरकवलं, पदराला हात पुसले आणि आत आली. इतक्या वर्षांत ती या खोलीत फक्त चहा घेऊन यायची. आज तात्यांच्या स्टुलावर, माइकसमोर बसली.

"त्या दोन्ही पेट्या बंद कर," ती म्हणाली. "माझा तरी कोरडा घे."

मी पेट्या बंद केल्या आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. आई बोलू लागली: सकाळी दूध कुणी घातलं, शेंगा यंदा कशा पोचट निघाल्या, तात्यांना चहात आलं किती लागायचं. तेवढ्यात रस्त्यानं गाणी लावून ट्रॅक्टर आला. ती बोलतच राहिली. मी रेकॉर्डिंग थांबवलं नाही.