काचेला चिकटलेला माणूस

भाईंदर पूर्वेला एका फोटो स्टुडिओत मी रिटचिंगचं काम करायचे. जुन्या फोटोंवरच्या भेगा आणि डाग बारीक ब्रशने भरायचे, मग त्याची नवी कॉपी काढायची. नव्वद सालाच्या आगेमागे आमच्याकडे यायचे ते बहुतेक वारलेल्या माणसांचेच फोटो. त्यामुळे वरसाव्याहून एक आजी फडक्यात गुंडाळलेली फ्रेम घेऊन आल्या, तेव्हा मी नेहमीसारखाच हात पुढे केला.

आत डोंगरउतारावरचं जंगल होतं. तोडलेल्या झाडांचे बुंधे, आणि मधोमध लाकडी घोड्यांवर चढवलेला सागाचा भलामोठा ओंडका. एक माणूस ओंडक्यावर उभा, दुसरा खालच्या खड्ड्यात, आणि दोघांच्या हातात मिळून एकच पुरुषभर लांब करवत. बाजूला सात-आठ मजूर ताठ उभे. खालच्या माणसाच्या चेहऱ्यावर मात्र ओलसर काळा डाग दिसत होता. भिंतीच्या ओलीने फोटो तिथे काचेलाच चिकटला होता.

"तो आमचा," आजी म्हणाल्या. "खालचा. दुसरा फोटो न्हाय त्याचा."

स्टुडिओचे मालक असलेल्या शेठनी मान वाकवून पाहिलं. "माँजी, ये नहीं होगा. काच निकालेंगे तो चेहरा काच पे रह जाएगा. फिर झगड़ा मेरे साथ."

आजी बाकावरून उठल्या नाहीत. शेठना लग्नाच्या ऑर्डरला जायचं होतं. जाताना मला दटावून गेले, "काच के ऊपर से कॉपी निकाल. हाथ मत लगाना."

मी दोन्ही बाजूंना दिवे लावून तीनदा फोटो घेतला. धुऊन पाहिलं तर सगळे मजूर स्पष्ट आले होते, फक्त तो एक चेहरा शाईचा ठिपका होऊन बसला होता. आजींना तसं सांगितलं.

"मग सोडव."

"फाटला तर, आजी?"

"आता तरी कुठं दिसतोय?"

मी फ्रेमचे खिळे उपसले आणि काचेसकट फोटो पाण्याच्या ट्रेमध्ये सोडला. वैशाख होता. टाकीचं पाणी हाताला कोमट लागलं. कोमट पाण्यात फोटोचा वरचा थर सुटतो, हे मला ठाऊक होतं. शेजारच्या रसवाल्याकडून पिशवीभर बर्फ आणला आणि पाण्यात टाकला. बोटं बधिर होईपर्यंत मी काच धरून बसले.

"गेले कसे?" मी विचारलं. गप्प बसवत नव्हतं म्हणून.

"उतारावर ओंडके रचलेले. एक सुटला. वरच्यानं उडी मारली. हा खड्ड्यात, डोळ्यात भुसा. त्याला दिसलाच न्हाय. फोटोवाला येऊन आठ दिस झाले व्हते. मागाहून ठेकेदारानं ही फ्रेम आणून दिली."

तासाभराने कोपरे सुटले. कागद हळूहळू सरकत करवतीपर्यंत आला आणि चेहऱ्याशी अडला. किंचित ओढला तर कडेला बारीक सुरकुती उठली. मी हात काढून घेतला. आता पुढे नेता येत नव्हतं आणि तसाच ठेवताही येत नव्हता.

तेवढ्यात बाहेर शेठची स्कूटर थांबली. आत येऊन त्यांनी ट्रे पाहिला, मग आजींकडे पाहिलं. मला वाटलं, नोकरी गेली. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, ड्रॉपर उचलला आणि माझ्या समोर उभे राहिले.

"हिलाना मत," म्हणाले, आणि काच व कागदाच्या फटीत थेंब थेंब गार पाणी सोडू लागले.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. एकाएकी कागद सैल होऊन माझ्या तळव्यावर आला. काचेवर नखाएवढा तुकडा काळा लगदा होऊन मागे राहिला होता. त्यात एक कान आणि मुंडाशाची कड गेली होती. डोळे, नाक, मिशी कागदावर होती. डोळे मिटलेले होते.

आजी ट्रेवर वाकल्या.

फ्रेमच्या पट्टीखाली झाकलेली फोटोची कडही आता उघडी पडली होती. तिथे डोक्यावर सालींचा भारा घेतलेली एक बाई अर्धी दिसत होती. "ही कोण?" मी विचारलं.

आजींनी बराच वेळ पाहिलं. "मीच असंन. तिथं दुसरी बाई नव्हती. मला कुणी सांगितलंच न्हाय."

चार दिवसांनी त्या कॉपी न्यायला आल्या. बाईसकट अख्खा फोटो मी मोठा केला होता, आणि त्यावर ब्रशने त्यांच्या नवऱ्याला नवा कान काढला होता. काम बेमालूम झालंय म्हणून मी खुशीत होते.

"कान असा नव्हता त्याचा," आजी म्हणाल्या.

"मग कसा होता? सांगा, तसा करते."

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. ओठ हलले, बोटं स्वतःच्या कानापाशी गेली. मग मान हलवली. "न्हाय आठवत. पुसून टाक."

मी त्यांच्यासमोर ब्लेडने माझा रंग हळूहळू खरवडून काढला. तिथे पांढरट जागा राहिली. आजींनी फोटो फडक्यात गुंडाळला आणि वरसाव्याच्या बससाठी निघाल्या.