मोटारीतला लाल दिवा

आमच्या मामांइतका दिव्याचा मान राखणारा माणूस सबंध बुलढाणा जिल्ह्यात सापडणार नाही. दिवा कुठलाही असो, लागला की मामांचे हात जुळलेच. डोणगावात वीज आली तेव्हा ते पहिल्या बल्बला सहकुटुंब पाया पडले. घरात ‘दिवा बंद करा’ म्हणायची अजून मनाई आहे. ‘दिव्याले निरोप द्या’ म्हणायचं. एकदा अंधारात फौजदारांनी तोंडावर टॉर्च मारला, तर मामांनी टॉर्चला नमस्कार केला. फौजदारांनी तो नमस्कार स्वतःकडे घेतला आणि पुढे दोघांची चांगली ओळख झाली.

अशा माणसानं कपाशीच्या एका चांगल्या वर्षी जुनी मोटार घेतली. विकणाऱ्यानं चालवायला शिकवलं, पण स्टिअरिंगसमोरच्या लाल दिव्याबद्दल काही सांगितलं नाही. किल्ली फिरवली की तो लागे, मामा हात जोडत. इंजिन सुरू झालं की तो जाई. ‘गेले देव कामाले,’ म्हणत मामा गाडी हाकत.

माझी पहिल्या वर्षाची परीक्षा होती. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून मला खामगावला पोचवायचा मान मामांनी एसटीला दिला नाही. मेहकर मागे पडलं आणि चालत्या गाडीत तो दिवा लागला. लागला तो गेलाच नाही. मामा प्रसन्न झाले. मी वाकून पाहिलं, तर खाली इंग्रजीत ‘ऑइल’ असं होतं.

‘मामा, याच्याखाली तेल असं लिवलं हाय.’

‘हाव ना. दिवा हाय तं तेल असनच.’

‘पन मले वाटते, तेल संपलं म्हनून लागला असन.’

‘कॉलेजात हेच शिकवतात का बे? तेल संपल्यावर दिवा लागते का विझते?’

मी पुरता गोंधळलो. घरची समई, देवळातला नंदादीप, सगळे मामांच्याच बाजूनं साक्ष देत होते. माझ्या बाजूनं फक्त इंजिनाचा आवाज होता. जात्यात खडे भरडावेत तसा तो येऊ लागला होता. मी चाचरत म्हणालो, ‘थांबून पाहू का?’

मामांनी एकदा दिव्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ‘थांबलो न मंग चालूच नाही झाली तं? तुया पेपर?’

स्टिअरिंग सोडून त्यांनी दिव्याला हात जोडले आणि वेग वाढवला.

खामगावच्या वेशीशी इंजिन एकदा खडखडलं आणि कायमचं गप्प झालं.

‘पय बे,’ मामा म्हणाले. मी पळालो. पेपरला बसलो. पास झालो.

गाडी ट्रकमागे बांधून घरी आली, ती आता गोठ्यात असते. सुट्टीत मी विचारलं, ‘मामा, तवा तुम्हाले दिवा समजलाच नव्हता ना?’

ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, ‘अर्धा समजला होता. तू म्हनतं तसंही असन, असं वाटलं. पन गाडी न तू, दोघांतलं एकच पोचनार होतं.’

हे खरं, की माझी समजूत काढायला म्हटलेलं, मला अजून कळत नाही. दिवेलागणीला मामा गोठ्यात जातात, गाडीत बसून किल्ली फिरवतात. या एका दिव्यासाठी बॅटरी मेहकरहून भरून आणवतात. परवा मी शेजारी बसलो होतो. आता मला त्या दिव्याचा अर्थ ठाऊक आहे: तेल तपासा, गाडी थांबवा. गाडी तर केव्हाची थांबली आहे. मामांनी हात जोडले, मग मीही जोडले.

‘दे निरोप,’ मामा म्हणाले.

किल्लीवर हात ठेवून मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो.