तिसरं कडवं

आधीच सांगते, साक्षात्कार, मागचा जन्म, भुतंखेतं यांवर माझा काडीचा विश्वास नाही. अख्खी हयात नवऱ्याबरोबर औषधांचं दुकान चालवण्यात गेली. कुणी कपाळाला अंगारा लावून आलं की मी आधी थर्मामीटर पुढे करायचे! त्यामुळे हे लिहिताना मलाच जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण घडलं ते घडलं.

आम्ही नवीन पनवेलला राहतो. माझा मुलगा निखिल शिकायला लाटव्हियाला होता. (हा देश मी नकाशात शोधला होता.) तिथल्याच इल्झेशी लग्न करून तो गेल्या वर्षी परत आला. पोरगी गोड. मला ‘आई’ म्हणते, पोळ्यासुद्धा शिकली. पण उन्हाळा लागला तशी ती मिटत गेली. बेडरूमचं दार लावून एसीत पडून राहायची.

एकदा भाजी निवडताना आमच्या नेहमीच्या अर्ध्या इंग्रजी, अर्ध्या मराठीत म्हणाली, “आई, सगळे खूप चांगले आहेत. पण चार माणसं हसली की मीही हसते, आणि का हसले ते मला कळलेलंच नसतं. मी दमले.”

जूनमध्ये ती माहेरी जाणार होती. निखिलने तिकीट काढलं होतं, फक्त जायचं. घरात त्यावर कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

मी बायकांच्या एका हौशी गानवृंदात गाते. गाते म्हणजे... मागच्या रांगेत उभी राहते. गाणी बसवतात आमच्या वैजूताई. त्यांचं माहेर उरणच्या बाजूचं, मिठागरवाल्यांचं. त्यांच्या आईने घरात नवी सून आली तेव्हा रचलेलं एक गाणं त्यांनी आम्हाला शिकवलं होतं. आगरी बोलीतलं, दोन कडव्यांचं. अर्थसुद्धा आम्हाला त्यांनीच समजावून सांगितला होता.

मे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी जुन्या पनवेलमध्ये, मार्केटच्या मागे असलेल्या मंगल कार्यालयात आमचा कार्यक्रम झाला. इल्झे आपण होऊन आली. तिच्याकडे म्हणे गावोगावी असे हौशी गानवृंद असतात, तीही लहानपणी गायची. निखिल तिच्या शेजारी मोबाईलवर शूटिंग करत बसला होता.

एक माईक सारखा खरखरत होता, पंखे गरम हवा फेकत होते. शेवटी आम्ही ते गाणं घेतलं. दोन कडवी झाली, टाळ्या पडल्या, वैजूताईंनी हात जोडले. मी सहज इल्झेकडे पाहिलं. सगळा हॉल टाळ्या वाजवतोय आणि ही मान पुढे काढून, श्वास रोखून — ऐकतेय. गाणं संपलेलं असताना ऐकतेय! निखिलने कोपराने ढोसलं तरी हलेना. मग एकदम तिने ओंजळीत तोंड लपवलं आणि रडायला लागली.

मी तशीच स्टेजवरून उतरून धावले. “काय झालं गं?”

“आई, मला आधी का नाही सांगितलं?” रडता रडता हसत होती ती. “तुम्ही सगळ्या माझ्या भाषेत गाणार होतात ते!”

मला वाटलं, उकाड्याने घेरी आली असणार. पाणी दिलं. पण ती सांगतच राहिली. समुद्राचं पाणी शेतात आलं, त्याला कुणी बोलावलं? दिवसभर ऊन त्याच्याजवळ बसून राहिलं... आमचीच दोन कडवी! अर्थ मी घरात कुणाला सांगितला नव्हता. निखिलने तर गाणंच पहिल्यांदा ऐकलं होतं.

“आणि शेवटी,” ती म्हणाली, “पाणी उडून गेलं, पांढरं ते मागे राहिलं. आता ते कुठून आलं विचारू नका, ते आमच्या घरचं आहे.”

“असं काही नाही गं आमच्या गाण्यात,” मी म्हटलं.

“हाय.”

मागे वैजूताई उभ्या होत्या. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

“तिसरं कडवं हाय. आई गेल्यापासून मी कुनालाच म्हनून दाखवलं नाय. गला दाटतो माजा, म्हनून तुमाला दोनच शिकवली. हिला कुनी सांगितलं?”

इल्झेला काही कळलं नाही, पण वैजूताईंचे डोळे बघून ती उठली आणि त्यांच्या गळ्यात पडली. आजूबाजूला खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती.

घरी येऊन निखिलचं शूटिंग आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं. दोन कडवी, टाळ्या. बाकी काही नाही. कानाच्या डॉक्टरांना दाखवलं, कान ठणठणीत. मी माझ्यापुरते सगळे तर्क लढवून पाहिले — योगायोग, उकाडा, ताण. दोन कडव्यांपर्यंत कसेबसे पोचतात, तिसऱ्यापाशी सगळे अडतात.

तिकीट तिने स्वतःच रद्द केलं. कारण मी विचारलं नाही.

आता ती आमच्या वृंदात पहिल्या रांगेत असते आणि वैजूताई तिन्ही कडवी घेतात. परवा तालमीत ती डोळे मिटून ऐकत होती, म्हणून मी हळूच विचारलं, “पुन्हा तसं ऐकू आलं का गं कधी?”

“नाही आई,” ती म्हणाली. “आता तुमचंच येतं ऐकू. थोडं कळतं, थोडं नाही.”