शेवंताबाईंची बर्फाची चांदणी

पडदा वर जावा तसं सानपाड्याच्या त्या सोसायटी हॉलचं शटर वर गेलं. नाताळच्या सजावटीसाठी बायकांनी घरून करून आणलेल्या बर्फाच्या चांदण्या दोरीवर झुलत होत्या. शिकवणाऱ्या अक्षताने प्रत्येकीला आइस्क्रीमच्या काड्या, फेविकॉल आणि चमकीची एकच पुडी दिली होती. मग शेवंताबाईंचीच चांदणी एवढी लखलखते कशी? काल अक्षता फोनवर बोलत होती, तेव्हा चमकीच्या डब्याजवळ म्हातारी एकटीच रेंगाळत होती.

"शेवंताकाकू, एका पुडीत एवढी चमक?" अक्षताने सगळ्यांसमोर विचारलं.

सगळ्यांच्या नजरा म्हातारीकडे वळल्या. शेवंताबाईंनी खाडीकाठच्या मिठागरात चाळीस वर्षं डोक्यावर पाट्या वाहिल्या होत्या. चोर म्हणून त्यांच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी कनवटीची पुडी काढून टेबलावर ठेवली. ती अजून फोडलेलीही नव्हती.

"मग हे काय चिकटवलंत?"

"बरफ मी कवा बघला नाय. टीवीन बघला तवा वाटला, आपला खडा मीठच हाय."

अक्षताला ते पटेना. चांदणी उजेडात धरून ती नखाने खरवडू लागली.

शेवंताबाई शांतपणे खुर्चीत टेकल्या.

"नख कशाला लावतेस, बाय? जीभ लाव."